राखाडीने काढलेला ओढा

आमच्या गल्लीत त्याला तोंडावर कलावंत म्हणत आणि तो चार पावलं पुढे गेला की राखाडी. दुसरं नाव बेकरीवाल्याने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की त्याच्या सख्ख्या आत्याने एकदा घरी फोन करून "राखाडी आहे का गं?" असं विचारलं आणि मग जीभ चावली. तो डॉक्युमेंटरी फोटोग्राफर होता. म्हणजे काय, असं कोणी विचारलं की तो विचारणाऱ्याकडे आधी जरा दयेने बघायचा आणि मग सांगायचा, "मी फोटो काढत नाही. मी साक्ष देतो." ही साक्ष तो फक्त काळ्यापांढऱ्यात द्यायचा.

त्याच्या वडिलांचा गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ होता. रंगीत फिल्म घरोघरी पोचायच्या आधीच्या काळात ते काळ्यापांढऱ्या फोटोंवर बारीक ब्रशने रंग भरून देत. गालांवर गुलाबी, ओठांवर किंचित लाल, आणि गिऱ्हाईक सांगेल त्या रंगाचा कोट. ज्यांच्याकडे निळा कोट कधीच नव्हता अशा कितीतरी माणसांचे निळ्या कोटातले फोटो अजून आमच्या भिंतींवर आहेत. मुलाला या धंद्याची लाज वाटायची. वडील थकल्यावर स्टुडिओ त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात पासपोर्टचे फोटो बंद केले आणि मागचा कारंजं आणि हंस रंगवलेला पडदा उतरवून काळा कपडा ताणला. गिऱ्हाइकं मुकाट्याने पुढच्या चौकात जाऊ लागली. वडील बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून हे सगळं बघत होते. एकदा मला म्हणाले, "मी जन्मभर काळ्यापांढऱ्यात रंग भरले. हा रंगीत जगातले रंग काढून टाकतोय. दोघांचं मिळून आमच्या घराण्याने काहीच केलं नाही, असं धर."

घर चालत होतं ते बायकोच्या दुकानावर. ती दोरे, बटणं, अस्तर, लेस असलं सामान विकायची. डाळिंबी आणि मरून यांत काय फरक आहे हे ती दिव्याच्या उजेडात न बघता सांगायची, आणि शिंपी लोक कापडाची चिंधी घेऊन लांबून तिच्याकडे यायचे. एकदा तिला दवाखान्यात जायचं होतं म्हणून तिने नवऱ्याला गल्ल्यावर बसवलं. एका बाईंनी अबोली रंगाचा दोरा मागितला. याने पोपटी दिला. बाईंनी हा काय म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "टोन एकच आहे." त्यानंतर बायकोने त्याला दुकानात बसवलं नाही. दवाखाना असेल तर दुकान बंद ठेवायची.

त्याची मतं ठाम होती आणि ती ऐकण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हतं, कारण बेकरीच्या बाकावर तो रोज सकाळी चहाला असायचा. रंग हा गोंगाट आहे. रंग डोळ्यांना लाच देतो. रंगीत फोटोत माणूस कपडे बघतो, काळ्यापांढऱ्यात आत्मा बघतो. बेकरीवाला एकदा म्हणाला, "माझ्या आत्म्याचं जाऊ दे, माझ्या पावाचा फोटो काढ, जाहिरातीला हवाय." याने काढला. सुंदर फोटो होता, पण पाव दगडासारखा दिसत होता, आणि बेकरीवाल्याच्या मते उकिरड्यावर सापडल्यासारखा. बेकरीवाल्याच्या मुलीला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हाही त्यानेच फोटो काढला. "हसू नकोस, हसलं की चेहरा खोटा होतो," असं तिला सांगितलं. फोटोत ती मुलगी हातात कप धरून कोणाच्या तरी मयताहून परत आल्यासारखी उभी आहे. समोरच्या बिऱ्हाडाने भिंतीला रंग द्यायला घेतला तर हा धावत गेला आणि म्हणाला, "नका हो, त्या भेगांत चाळीस वर्षांचं आयुष्य आहे." त्यांनी सांगितलं, "आयुष्य आहे की नाही माहीत नाही, पण झुरळं आहेत."

आणि त्याचा एक नेम होता. हल्लीचा कॅमेरा आपला रंगीतच फोटो काढतो, मग कॉम्प्युटरवर त्यातला रंग उतरवायचा. हा रंग उतरवायचा आणि मूळ रंगीत फोटो कायमचा पुसून टाकायचा. याला तो शुद्धीकरण म्हणायचा. "मागे रंग ठेवला तर मोह होतो," म्हणायचा. दारू सोडलेला माणूस घरात बाटली ठेवत नाही, त्या थाटात.

आता ओढ्याचं सांगतो. आमच्या गल्लीच्या मागून एक ओढा जातो. वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आहे, आम्ही त्याला नुसतं डाईंग म्हणतो. डाईंगवाले ज्या रंगाचा माल काढतील त्या रंगाचा आमचा ओढा. कधी निळा, कधी हिरवा, आणि लाल माल निघाला की बघवत नसे. सुरुवातीला पोरंटोरं पैजा लावायची, उद्या कुठला म्हणून. मग ओढ्याकाठची झाडं वाळली, विहिरींचं पाणी वास मारू लागलं. सर्वांत जास्त झळ बसली लाँड्रीवालीला. तिची लाँड्री ओढ्याला लागून, बोअर अगदी काठावर. लॉजच्या पांढऱ्या चादरी धुवायला यायच्या आणि फिक्या गुलाबी होऊन परत जायच्या. लॉजवाला म्हणाला, "बाई, माझ्या लॉजची शोभा का करता?" आणि त्याने काम काढून घेतलं.

तेव्हा समिती निघाली. अध्यक्ष अर्थात मुख्याध्यापिका बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजून त्या रस्त्याने आल्या की मोठमोठी माणसं शर्टाची बटणं लावत. समितीत बेकरीवाला होता, लाँड्रीवाली होती, मी होतो. माझ्याकडे चहा सांगायचं काम होतं. बाईंनी प्रदूषण खात्याकडे तक्रार केली, सुनावणीची तारीख मिळाली, आणि प्रश्न पुराव्याचा आला. बाई म्हणाल्या, "आपल्याकडे घरचा फोटोग्राफर आहे. बोलवा त्याला."

तो आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता, की त्या चेहऱ्याचा फोटो त्याने स्वतः कधीच काढला नसता.

"बाई, याच क्षणाची मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "फक्त एक अट आहे. फाइलला मोबाइलवरचे फोटो जोडायचे नाहीत. त्याने कामाची पातळी घसरते."

बेकरीवाल्याच्या मोबाइलमध्ये लाल ओढ्याचे दोन फोटो होते. त्याने ते दाखवले. एका फोटोत कोपऱ्यात त्याचा अंगठा आला होता.

"हे बघा," राखाडी म्हणाला. "हीच ती पातळी."

बाईंना शिस्त आवडायची. त्यांनी अट मान्य केली.

पुढचे काही आठवडे तो ओढ्यात होता. खरोखर ओढ्यात, गुडघ्याएवढे बूट घालून. डाईंगचा पाइप जिथे ओढ्यात सुटतो ती जागा काठावरून दिसत नाही. लाँड्रीच्या मागच्या दाराने पात्रात उतरून वळणापर्यंत गेलं तरच दिसते. तिथे तोवर आमच्यापैकी कोणी गेलं नव्हतं. तो रोज जायचा. हे मात्र कबूल करायला हवं, आळशी तो नव्हता. पायांना खाज सुटायची, बूट कुजले, तरी जायचा. त्यासाठी बायकोने त्याला मलम आणून दिलं आणि वर विचारलं, "पाणी कुठल्या रंगाचं होतं आज?"

तो म्हणाला, "लक्ष नव्हतं. उजेड फार छान होता."

शेवटच्या दिवशी त्याने लाँड्रीवालीला मागच्या दाराने पात्रात उतरवून, पार वळणापाशी एका दगडावर उभं केलं. मी तिथे होतो, चहा घेऊन गेलो होतो. तिच्या हातात ओली चादर होती, तिला ती पिळायला लावली होती, मागे ओढा, आणि वळणावर पाइपाचं तोंड. हा पात्रात उभा राहून तिला सांगत होता.

"ताई, माझ्याकडे बघू नका. लांब बघा. काहीतरी हरवल्यासारखं."

"काय हरवलंय?"

"काहीही. तुम्ही ठरवा."

"लॉजचं काम गेलंय, ते चालेल का?"

"चालेल. हात असेच ठेवा. वा, काय पोत आहे कातडीचा. कोपरापर्यंत येऊ द्या."

"भाऊ, हातांची नुसती आग होतेय हो."

"ऊन आहेच कडक," तो म्हणाला. "झालंच, एक मिनिट."

ती चादर पिळत उभी राहिली. त्याने बरेच फोटो काढले. चहा गार झाला.

सुनावणीच्या आधीचे दिवस त्याने छपाईत घालवले. मोठमोठे फोटो, जाड कागद, पांढरी कड. आम्हाला कोणालाच आधी दाखवले नाहीत. "काम एकदम समोर यायला हवं," म्हणाला. आणि त्याच दिवसांत सुनावणीची नोटीस हातात पडल्यावर डाईंगवाल्यांनीही आपलं काम केलं. त्यांनी पाइप बंद केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या ओढ्यातून पाण्याच्या रंगाचं पाणी वाहू लागलं. म्हणजे जे काही दाखवायचं होतं ते आता फक्त त्याच्या फोटोंतच होतं.

प्रदूषण खात्याचं कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, मध्ये टेबल, टेबलावर काच, काचेखाली कोणाकोणाची व्हिजिटिंग कार्डं. साहेब मध्यमवयीन होते, सर्दी झालेली, सारखे रुमाल लावत होते. पलीकडे डाईंगचे वकील. आमच्या बाजूने बाईंनी तक्रार वाचली, उच्चार इतके स्वच्छ की साहेबांनी रुमाल खाली ठेवला. मग बाई म्हणाल्या, "आता पुरावा," आणि राखाडीने पेटी उघडली. त्याने पांढरे हातमोजे घातले. एकेक फोटो साहेबांसमोर मांडला.

फोटो सुंदर होते. माझ्यासारख्याला त्यातलं काही कळत नाही, पण तरी सांगतो, मी आमचा ओढा असा कधीच पाहिला नव्हता. पाणी असं, की वितळलेली चांदी. वाळलेली झाडं जणू कोणी शाईने काढलेली. पाइपाच्या तोंडातून पडणारी धार म्हणजे तर धबधबा.

साहेबांनी सगळे बघितले. परत एकदा बघितले. मग म्हणाले, "छानच आहेत. पण तक्रारीत लाल, निळं पाणी लिहिलंय. ते कुठे आहे?"

"तेच आहे हे," बाई म्हणाल्या.

"हे तर राखाडी आहे."

बेकरीवाल्याने माझ्या मांडीला चिमटा काढला. मी हसू आवरायला खिडकीबाहेर बघितलं.

वकील उठले. त्यांनी एक फोटो नीट, कडेला धरून उचलला. "साहेब, मी यांचं मनापासून अभिनंदन करतो. यात आमच्या कारखान्यापासून पुढे जाणारा ओढा दिसतोय. पाणी नितळ आहे. अगदी आरशासारखं. झाडाचं प्रतिबिंबसुद्धा पडलंय. यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला आमच्या बाजूने देता आला नसता."

"रंगीत प्रती नाहीत?" साहेबांनी विचारलं.

राखाडी उभा राहिला. आम्हाला सगळ्यांना कळलं की आता तो बोलणार, आणि त्याला थांबवायची ताकद कोणाच्यात नव्हती. "साहेब, रंग फसवा असतो," तो म्हणाला. "रंग दाखवला की माणूस फक्त रंग बघतो. मला या पाण्याचं दुःख दाखवायचं होतं."

साहेबांनी रुमालात नाक पुसलं. "दुःखाचं आमच्याकडे कलम नाही," ते म्हणाले.

बेकरीवाल्याने घाईघाईने आपला मोबाइल पुढे केला. वकिलांनी बघून विचारलं, "हा कुठला ओढा? यात पाइप कुठाय? आणि हा अंगठा कोणाचा?" साहेबांनी मोबाइल परत दिला आणि पुढची तारीख दिली. आठवडाभरात ठोस काही आणा, नाहीतर प्रकरण बंद.

 जिना उतरून खाली आल्यावर बाई राखाडीला म्हणाल्या, "तू माझ्या वर्गात असतास तर मी तुला आज बाकावर उभं केलं असतं."  लाँड्रीवाली तर त्याच्याकडे बघतही नव्हती. हात पदरात गुंडाळून ती पुढे चालत होती.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो, पेटी माझ्याकडे राहिली होती म्हणून. बायको दुकान बंद करून नुकतीच आली होती. वडील आरामखुर्चीत. त्याने सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी, "लोकांची तयारी नाही," असं म्हणाला.

बायकोने चप्पल काढता काढता विचारलं, "रंगीत असतात ना कॅमेऱ्यात आधी?"

"असतात. मी पुसतो. तुला माहितीये."

"सगळे पुसले?"

त्याने पेटीची कडी उगाच उघडून परत लावली. नवरा-बायकोत तेवढं पुरतं.

"शेवटच्या दिवशीचे आहेत," तो म्हणाला. "छपाईच्या गडबडीत राहून गेलं. पण ते फोटो नाहीत अगं. तो कच्चा माल आहे."

"मग तो कच्चा माल द्या साहेबांना."

"माझ्या नावाने असलं काही बाहेर जाणार नाही."

"तुमच्या नावाने काय जायचं ते आज गेलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दुकानात आज तीन जणींनी विचारलं मला, काय हो, सुनावणीत काय झालं म्हणून. मी दोरा मोजत बसले."

वडील मध्येच बोलले. त्यांना ऐकू कमी यायचं, पण नको तेव्हा बरोबर यायचं. "द्यायचे नसतील तर देऊ नकोस. पण आधी बघ तरी, काय देत नाहीयेस ते."

"बघायला काय," तो फणकाऱ्याने म्हणाला. "दाखवतोच तुम्हाला. किती बटबटीत दिसतं ते बघा आणि मग बोला." आणि त्याने रागारागाने कॉम्प्युटर सुरू केला.

आम्ही तिघं मागे उभे राहिलो. म्हणजे वडील खुर्ची सरकवून मागे आले. पडद्यावर लाँड्रीवाली आली. तिने त्या दिवशी पिवळा ब्लाउज घातला होता. मागे ओढा जांभळट लाल, आणि वळणावर पाइपातून पडणारी धार त्याहून गडद, एखादी नस फुटावी तशी. तिच्या हातात चादर, पांढरी नव्हे, गुलाबी. आणि हात. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक चट्टे, कुठे कुठे सोललेले, एक दोन ठिकाणी पाणी भरलेले फोड.

राखाडी पडद्याच्या जवळ सरकला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे.

"हात आहेत तिचे," बायको म्हणाली. "महिना झाला. दुकानात येते ती माझ्याकडे, हातांना काय काय लावून बघितलं ते सांगायला. तुमच्या पायांचं मलम तिनेच सांगितलं होतं मला."

त्याने दुसरा फोटो लावला. मग तिसरा. सगळ्या फोटोंत ते हात होते, कारण त्याने ते मुद्दाम पुढे घ्यायला लावले होते. मग त्याने सुनावणीसाठी छापलेला तोच फोटो पेटीतून काढला आणि पडद्याच्या बाजूला धरला. कागदावर तेच हात खडबडीत, भारदस्त, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांनी नटलेले, जुन्या झाडाच्या सालीसारखे दिसत होते.

"मी तिला म्हणालो, काय पोत आहे," तो म्हणाला.

 मला चहा गार झाला ते आठवलं, आणि आग होतेय म्हणाली ते मीही ऐकलं होतं हे आठवलं, पण ही गोष्ट त्याच्याबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही. तो बराच वेळ एकदा कागदाकडे, एकदा पडद्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्याने तो झटकला, आणि मग स्वतःच वडिलांना खुर्चीत नीट बसवलं.

"देतो," तो शेवटी म्हणाला. "पण खाली माझं नाव नको."

बायको हसली, आणि ते हसू काही गोड नव्हतं. "तुमचं नाव कोणी मागितलं?"

पुढच्या सुनावणीला फोटो एकच गेला. साध्या कागदावर, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रत काढून आणलेली. पांढरे हातमोजे नव्हते. साहेबांनी फोटो बघितला, मग लाँड्रीवालीकडे बघितलं. तिने पदर बाजूला करून दोन्ही हात टेबलाच्या काचेवर ठेवले, साहेबांच्या त्या व्हिजिटिंग कार्डांवर. वकील म्हणाले, "हा फोटो कोणी काढलाय, खाली नाव नाही." बाई म्हणाल्या, "ज्याने काढलाय त्याला लाज वाटतेय." साहेबांना त्याचा अर्थ कळला नसावा, पण त्यांनी तपासणीचा हुकूम काढला. तपासणी झाली, कारखान्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायचा आदेश निघाला, आणि डाईंगवाल्यांनी कुरकुरत का होईना ते बसवलं. यंत्र रोज चालतं असं नाही. अधूनमधून ओढा फिका निळा दिसतो, मग बाई फोन करतात, मग चालतं. लाँड्रीवालीचे हात बरे झाले. डाग राहिलेत.

इथे गोष्ट संपली असती तर राखाडीचं कौतुक करून मी मोकळा झालो असतो. पण त्याच वर्षी कुठल्याशा कलासंस्थेने त्याच्या ओढ्याच्या काळ्यापांढऱ्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि त्याला पुरस्कार दिला. मानपत्रात म्हटलं होतं की या कलावंताने रंगाचा आधार न घेता प्रदूषणाचा रंग दाखवला. बेकरीवाल्याने ते मानपत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय दाखवलं?" प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो होतो, समितीची शिस्त म्हणून. मोठी पांढरी दालनं, खाली फरशी इतकी चकचकीत की लाँड्रीवालीने चप्पल दाराशी काढली आणि तिथल्या बाईने तिला परत घालायला लावली. लोक फोटोंसमोर मान तिरकी करून उभे होते. एक गृहस्थ चांदीसारख्या पाण्याकडे बघून म्हणाले, "किती शांत वाटतं ना."

आणि तिथे डाईंगचे वकील भेटले. त्यांनी राखाडीला मिठी मारली. धबधब्याचा, म्हणजे पाइपाच्या धारेचा फोटो कारखान्याच्या ऑफिसात लावायला हवा होता त्यांना. मालकांना फार आवडलाय, म्हणाले.  आम्हाला वाटलं, आता हा काहीतरी सणसणीत बोलेल. राखाडी थोडा विचार करून म्हणाला, "देईन. पण उजेड कुठून येतो त्या भिंतीवर ते आधी बघावं लागेल." आणि फुकट दिला. तो अजून तिथे टांगलेला आहे, पाहुण्यांच्या सोफ्यावर. बाई त्यानंतर बरेच दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्याच्या बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला की कलाकृती कुठे जाते हे कलावंताच्या हातात नसतं. ती म्हणाली, "तुमच्याच हातात होती हो. तुम्हीच रिक्षातून घेऊन गेलात."

एक गोष्ट मात्र त्या प्रदर्शनात सगळ्यांच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. चादर पिळणाऱ्या लाँड्रीवालीचा फोटो तिथे नव्हता. सुनावणीच्या पेटीत तोच सर्वांत वर होता, त्याचा सगळ्यात आवडता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "जमला नव्हता तो." इतकंच. शेजारी लाँड्रीवाली उभी होती. ती म्हणाली, "बरं केलंत भाऊ." त्याने तिला नमस्कार केला आणि गर्दीत शिरला.

हल्ली तो रेल्वे यार्डाजवळच्या कोळशाच्या वखारीचे फोटो काढतो. तिथे रंगाचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे तो सुखात आहे. बेकरीच्या बाकावर आता तो काळ्याच्या छटांवर बोलतो, काळा हा एक रंग नसून अनेक आहेत म्हणतो, आणि बेकरीवाला जळके पाव बाजूला काढत "खरंय" म्हणतो. शुद्धीकरण अजून चालू आहे की नाही ते मला माहीत नाही, विचारायची सोय नाही. पण त्याच्या बायकोने दुकानात मला एक सांगितलं. वखारीतली माणसं फोटो काढायचा म्हटलं की नळावर जातात, साबणाने खसाखसा तोंड धुतात, केस विंचरतात, एखादा धुवट शर्ट अडकवतात आणि मग येऊन उभी राहतात. पूर्वी त्याने त्यांना परत पाठवलं असतं, जा, कोळसा लावून या म्हणून. आता तसं करत नाही. थोडा वेळ कॅमेरा खाली धरून उभा राहतो, म्हणे, वैतागल्यासारखा. मग विचारतो, "झालं का तुमचं?" आणि ती माणसं हो म्हणाली की काढतो.